हे जायफळ नाही!

शनिवार, २७ सप्टेंबर २०२५

विनीने मला सात बिया दिल्या! मला! रान राखणाऱ्या आमच्या ग्रुपमधले बाकीचे वीस-वीस वर्षं तिथे राबतायत, मी आत्ता जुलैत आले — तरी मला!

थांब, नीट लिहिते. घरात कुणाला ऐकायला वेळ नाही. अपूर्व मॅच बघतोय, सिया हेडफोनमध्ये.

रानात हिकरीचं एकच झाड आहे. बाकी सगळे ओक आणि ॲश, खाली हेझलची झुडपं. हिकरी मूळची अमेरिकेची. तिकडे म्हणे ओक आणि हिकरी मिळून मैलोन्‌मैल जंगलं असतात, आपल्याकडे साग आणि ऐन असतात तशी. इथे कुणा जमीनदाराने दीडशे वर्षांपूर्वी हौसेने एक लावलं. साल लांब लांब पट्ट्यांनी सुटून लोंबते, जुना वॉलपेपर सुटावा तशी. आता बुंध्यात बुरशी शिरली आहे, शाळेची वाट बरोब्बर खालून जाते, म्हणून फेब्रुवारीत झाड पाडायचं ठरलं आहे. विनी आधी खूप भांडली. मग तिने स्वतः बुंध्यावर हातोडी ठोकून, कान लावून बघितलं. डब्यासारखा पोकळ आवाज! त्या दिवसापासून भांडण बंद.

विनी म्हणजे विनिफ्रेड. वय एक्क्याऐंशी, ग्रुपची मुकादम. तिचे वडील याच रानात लाकूड तोडायचे. त्या झाडाला ती ‘द ओल्ड अमेरिकन’ म्हणते आणि त्याचं एक तरी पिल्लू मागे राहावं एवढीच तिची इच्छा आहे. चाळीस वर्षं बिया पेरतेय. एकही उगवली नाही! गंमत म्हणजे एरवी खारी त्या बियांकडे ढुंकून बघत नाहीत. यंदा मात्र तुटून पडल्या, आठवड्यात झाड साफ. विनीच्या हाती सात लागल्या. या शेवटच्या.

आणि पुढच्या महिन्यात तिचं खुब्याचं ऑपरेशन. मला म्हणाली, ‘तुझा फ्रीज मोठा आहे ना?’ झाली नेमणूक!

तीन आठवडे सावलीत वाळवायच्या. मग ओल्या पालापाचोळ्यात घालून मार्चपर्यंत फ्रीजमध्ये. आपण हिवाळा काढला असं बीला वाटलं पाहिजे, तरच ती उगवते. ‘पाण्यात टाकून बघू नको,’ म्हणाली. ‘फोल बी तरंगते. दरवर्षी सगळ्या तरंगतात आणि माझा आठवडा वाईट जातो. यंदा बघायचंच नाही.’

सोमवार, २९ सप्टेंबर

बिया स्वयंपाकघराच्या खिडकीत, पितळी वाटीत. मोजल्या. सात.

गुरुवार, २ ऑक्टोबर — दसरा

ऑफिस होतंच. तीन मीटिंग, त्यातल्या दोन निरर्थक. दुपारी लॅपटॉपलाच हळदकुंकू लावलं.

आई सकाळपासून खट्टू. (आई म्हणजे सासूबाई, अपूर्वच्या आई. अठरा सप्टेंबरला नागपूरहून आल्या, सहा महिने आहेत.) पुरणपोळी झाली, पूजा झाली, पण आपट्याची पानं कुठून आणणार? मिल्टन कीन्सला सगळं मिळतं, आपटा मिळत नाही. संध्याकाळी रेडवेने, इथल्या लाल पायवाटेने, एकट्याच फिरायला गेल्या आणि पिवळंजर्द काहीतरी पदराआड लपवून आल्या. यंदा उन्हाळा कोरडा गेला, झाडं लवकर पिवळी पडली आहेत. मोठ्या रस्त्याच्या पलीकडे, अंडरपासच्या तोंडाशी एक झाड आहे म्हणे, सोन्याने मढवल्यासारखं.

‘एका देठाला पाच पानं होती गं! एक देवाला, आपण चौघं. बरोब्बर पुरलं!’

सगळ्यांना एकेक पान दिलं. ‘सोनं घ्या, सोन्यासारखे राहा.’ सिया म्हणाली, ‘थँक्यू आजी, पण हा पान मी कुठे ठेवू? माझ्या रूममध्ये ऑलरेडी खूप स्टफ आहे.’ तिचं पान टीव्हीखाली सापडलं. अपूर्वने वाकून नमस्कार केला आणि पान खिशात घातलं, म्हणजे उद्या वॉशिंग मशीनमध्ये.

माझं मी इथेच सेलोटेपने चिकटवतेय. खरं तर आईंचा चेहरा बघून मला भरून आलं. बाबा गेल्यानंतरचा त्यांचा हा दुसरा दसरा.

रविवार, १२ ऑक्टोबर

भरून आलेलं सगळं ओसरलं! माझा साखरेचा डबा कुठे आहे? आईंनी अख्खं स्वयंपाकघर ‘लावलं’. आता मला माझ्याच घरात मीठ शोधावं लागतं.

नागपूरला तीस वर्षं शाळेत शिवण शिकवलं त्यांनी. पर्समध्ये मापाची टेप कायम. शेल्फ मोजलं, डबे मोजले, उंचीनुसार लावले. काल माझा ड्रेस बघून न विचारता टेप काढली आणि कमर मोजली. आकडा मोठ्याने सांगितला! अपूर्व समोर बसून चहा पीत होता.

बिया सात. वाटी मात्र खिडकीतून उचलून मसाल्याच्या कपाटात ठेवलेली. ‘उन्हं येतात तिथे,’ म्हणाल्या. ठीक. सावली तर सावली.

शनिवार, १८ ऑक्टोबर

आज लिहितेच.

सकाळी रानात गेले होते. हेझल कापायचं होतं. घरी आले तर दिवाळीचा वास, करंज्या! आई खुशीत. मी म्हटलं, वा! आणि आई म्हणाल्या —

‘तुमच्या इथलं जायफळ फारच टणक बाप्पा! किसणीवर ओरखडा उठेना. शेवटी बत्त्याने फोडलं. आतून अक्रोडासारखं निघालं. वासाला जायफळ नाही, पण चव घेतली तर इतकी छान! म्हणून दुसरंही फोडलं. सारणात घातलंय बघ.’

मी वाटी बघितली. पाच.

मला आधी काही कळेचना. मग सगळं एकदम कळलं. जगात सातच होत्या, आणि त्यातल्या दोन करंजीत! दोष कुणाचा? गोल, फिकट तपकिरी, टणक, मसाल्याच्या कपाटात. कुठल्याही मराठी बाईने जायफळच म्हटलं असतं. मीही म्हटलं असतं! पण हे सगळं आत्ता सुचतंय. तेव्हा मी फक्त म्हटलं, ‘ते जायफळ नव्हतं,’ आणि वर जाऊन बाथरूममध्ये दार लावून रडले. चाळिशीला आलेली बाई, बीसाठी रडते!

थोड्या वेळाने दारापलीकडून आवाज. ‘चैत्राली... कशाचं होतं ते?’

दार न उघडताच सांगितलं. झाड, विनी, चाळीस वर्षं, सगळं. मग, ‘एकच झाड आहे का त्याचं?’

‘हो. एकच.’

पायऱ्या उतरल्याचा आवाज. मी खाली गेले तेव्हा ओटा लख्ख. आईंनी परसातून ओला पाला आणला होता, तो चाळला होता, आणि पाचही बिया त्यात ठेवून श्रीखंडाचा रिकामा डबा फ्रीजमध्ये अगदी मागे सरकवला होता. झाकणावर कागद, त्यावर शाळेच्या फळ्यावरच्या अक्षरात —

हे जायफळ नाही!

खाली दोन रेघा.

रविवार, १९ ऑक्टोबर

करंजी खाल्ली. रागात खाल्ली. वाईट म्हणजे — फार सुंदर झाली आहे.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. विनीचा हॉस्पिटलमधून मेसेज: ‘ऑपरेशन नीट झालं. माझ्या सात कशा आहेत?’

मी अंगठा पाठवला. अंगठा!! ऑफिसात मी टेस्टर आहे, दुसऱ्यांच्या चुका शोधून त्यांना धारेवर धरते. आणि स्वतःची चूक — अंगठा.

शनिवार, २५ ऑक्टोबर

रानात गेले नाही. सर्दीचं कारण सांगितलं. सर्दी नाही.

आईंनी विचारलं, ‘तुझी मैत्रीण घरी कधी येणार?’ म्हटलं, दोन आठवड्यांत. ‘मग मी जाते तिच्याकडे. फोडलं मी, तर सांगणारही मीच.’ मी म्हटलं, आई, तुम्हाला इंग्लिश... ‘येतं तेवढं पुरे.’

करंज्यांचा शेवटचा डबा बाजूला काढून ठेवलाय. सियाला हात लावू देत नाहीत.

शनिवार, ८ नोव्हेंबर

आज जे झालं ते जन्मात विसरणार नाही!

गाडीत आई अखंड पुटपुटत होत्या. सात राऊंडअबाउट झाले, प्रत्येकाला तेच वाक्य पहिल्यापासून. विनी खिडकीशी खुर्चीत, पायांवर घोंगडी, चेहरा उतरलेला. मला वाटलं, नकोच सांगायला. पण आई सरळ तिच्यासमोर जाऊन उभ्या. शाळेत गुन्हा कबूल करणारी मुलगी असते ना, अगदी तशा.

‘सॉरी मॅडम. आय ब्रोक टू. आय थॉट नटमेग. नॉट हर फॉल्ट. आय पुट इन स्वीट.’ श्वास घेतला. आणि प्रामाणिकपणे जोडलं, ‘इट वॉज व्हेरी टेस्टी.’

मी डोळे मिटले.

विनीचा आवाज अगदी हळू. ‘टेस्टी? काय टेस्टी होतं?’

‘इनसाइड. द... गर.’ आईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आतला गर, बीच्या आतला.

‘आत गर होता?’

आईंना वाटलं, विश्वास बसत नाहीये. त्यांनी पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढली. कवच्या! दोन्ही बियांच्या फोडलेल्या कवच्या जपून ठेवल्या होत्या, तुळशीच्या कुंडीत तळाला घालायला. आमच्याकडे काही टाकत नाहीत, दुधाच्या पिशव्यासुद्धा धुऊन वाळतात, तर कवच्या काय! विनीने भिंग घेऊन कवची बघितली. खाचेत गराचा एक तुकडा अजून अडकलेला होता. ती नुसती बघत राहिली. मग एकदम म्हणाली, ‘तो गोड पदार्थ आणलाय का?’

करंजी सुरीने उघडली. सारणात चाचपून मुगाच्या डाळीएवढा तुकडा काढला, जिभेवर ठेवला, डोळे मिटले.

‘एक्क्याऐंशी वर्षं,’ म्हणाली. ‘या झाडाची बी मी आज पहिल्यांदा खाल्ली.’

आणि रागावण्याऐवजी हसायलाच लागली! टाके दुखेपर्यंत हसली. मी मध्ये उभी, मला काही समजेना.

मग तिने सांगितलं. हिकरीचे पराग वाऱ्याने जातात. स्वतःच्याच परागांवर झाडाचं सहसा भागत नाही, दुसरं झाड लागतं. हे एकटं, म्हणून चाळीस वर्षं नुसत्या फोल बिया. खारी बी हातात घेऊन वजन बघतात, हलकी असली की टाकून देतात, म्हणून त्या इतकी वर्षं फिरकत नव्हत्या. यंदा तुटून पडल्या कारण यंदा बिया भरलेल्या होत्या. ‘खारींना कळलं, मला नाही कळलं! आणि मी पाण्यातही टाकून बघितलं नाही, इतकी भित्री!’

आईंनी माझी बाही ओढली. ‘काय म्हणतायत?’

मी मराठीत सांगितलं. आई म्हणाल्या, ‘म्हणजे दुसरं आहे की कुठेतरी!’

विनीला मराठी येत नाही. पण तिने आईंचा हात धरून मान हलवली. हो, हो, हो.

म्हणजे असं: जवळपास कुठेतरी आणखी एक हिकरी उभी आहे, नुकतीच वयात आलेली. बहुतेक पूर्वी कधी कुण्या खारीने, चुकून भरलेली एखादी बी पुरली आणि विसरली. ती शोधायची! कारण म्हातारं झाड फेब्रुवारीत जाणार. आपल्या पाचातलं एखादं रोप जगलं तरी त्याला सोबत नसेल तर त्याच्याही बिया फोल. एकट्याने काही होत नाही. विनी म्हणाली, रोप आणि ते दुसरं झाड, दोन्ही हवीत.

निघताना आईंनी विनीच्या घोंगडीची किनार उसवलेली बघितली. सुईदोरा मागितला. बसल्या तिथेच.

रविवार, ९ नोव्हेंबर

अपूर्वला सगळं सांगितलं. तो म्हणाला, ‘म्हणजे आईने बी फोडली म्हणून हे कळलं? मग एवढी रडलीस कशाला?’ नवरे!

शनिवार, २२ नोव्हेंबर

शोधमोहीम. पानं सगळी गळून गेली आहेत, त्यामुळे पानांवरून ओळखायची सोय नाही. कोवळ्या हिकरीची सालही गुळगुळीत, चार झाडांसारखीच. विनीने फोनवर सांगितलं, कळ्या बघा — फांदीच्या टोकाला अंगठ्याएवढी जाड कळी.

मी जाड कळीची झाडं शोधली! तीन! फोटो पाठवले. तिन्ही हॉर्स चेस्टनट. विनीचं उत्तर एकाच शब्दात. तो इथे लिहीत नाही.

आई माझ्या जुन्या गमबूटमध्ये, दोन मोज्यांवर मोजे. रानाचे त्यांनी चौकोन पाडलेत, कापड बेतावं तसे. एकेक चौकोन तपासायचा, बुंध्याचा घेर वहीत लिहायचा. ‘नुकतं वयात आलेलं झाड, म्हणजे वय साधारण ठरलेलं ना? मग घेरही ठरावीकच असणार.’ मला हे सुचलं नव्हतं.

रविवार, ३० नोव्हेंबर

पाऊस. चिखल. चौकोन सात झाले. घसरून पडले, आई हसल्या. मग त्या पडल्या, मी हसले. मग दोघींनी चिखलातच थर्मासमधला चहा प्यायला. सासूसोबत मी इतकी हसेन असं लग्नात कुणी सांगितलं असतं तर मी खरं मानलं नसतं.

शनिवार, २० डिसेंबर

रान संपलं. एका बाजूला शाळा, एका बाजूला घरं, तिसरीकडे मोठा रस्ता. एकशे बारा झाडं मोजली. हिकरी नाही.

विनी काठी घेऊन चालू लागली आहे. ‘वारा पराग कुठून कुठे नेतो, काय सांगावं,’ म्हणाली. पण आवाज पडला होता.

सोमवार, १९ जानेवारी २०२६

डबा तपासला. ओल ठीक. बुरशी नाही. आई रोज झाकणावर बोट टेकवतात, देवाला करतात तसं. मी बघितलं नाही असं दाखवते.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

आज पाडलं.

सुट्टी घेतली होती. आम्ही तिघी दोरीपलीकडे. करवत सुरू झाली तशी विनीने काठी घट्ट धरली. आईंनी न विचारता तिच्या दंडात हात घातला. एकीची भाषा दुसरीला येत नाही, त्यामुळे दोघींनाही काही बोलावं लागलं नाही. झाड वरून तुकड्या-तुकड्यांनी उतरवलं. शेवटी बुंधा. पोकळ होताच, आत माणूस बसेल एवढा.

यंत्रं थांबल्यावर आईंनी करवतवाल्याला विचारलं, ‘मे आय मेजर?’ तो दाढीवाला इतका चकित झाला की त्याने वाट करून दिली. आई गुडघ्यांवर बसून बोटाने लाकडातली वर्षांची कडी मोजत बाहेरून आत आल्या. एकशे चारपर्यंत. पुढे पोकळी.

मला खूप वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलंही. पण मग आईंनी वर बघितलं आणि म्हणाल्या, ‘केवढा उजेड पडला गं!’ खरंच! इतकी वर्षं अंधारी असलेली जागा लख्ख. विनी वाकली, काठीने पाला बाजूला केला. वीतभर उंचीचे ओक! एक नाही, पंधरा-वीस. ‘जे’ नावाचे निळ्या पंखांचे पक्षी ओकची फळं पुरून ठेवतात आणि काही विसरतात. उगवतात, पण सावलीत वाढत नाहीत, चार-पाच वर्षांत मरून जातात. ‘हे वेळेवर सापडले,’ विनी म्हणाली. ‘यांना आता आभाळ मिळालं.’ आईंनी सगळ्यात उंच ओक मोजला. तेवीस सेंटीमीटर. वहीत लिहिला.

येताना गाडीत आम्ही दोघींनी गाणं म्हटलं. पाडलेल्या झाडावरून परत येताना! कुणी ऐकलं असतं तर वेड्यात काढलं असतं.

रविवार, १५ मार्च

आई गेल्या.

एअरपोर्टवर कोरडी राहीन असं ठरवलं होतं. आत जायच्या आधी आईंनी पर्स उघडली. मला वाटलं पासपोर्ट. टेप काढली आणि माझ्या हातात दिली. तीस वर्षं वापरलेली, सुरुवातीचे आकडे पुसलेले.

‘उगवलं की माप घे. रोज. मला सांग.’

मी तिथेच रडले. त्या म्हणाल्या, ‘वेडी आहेस का? बियांकडे बघ, माझ्याकडे काय बघतेस.’ मग स्वतःच डोळे पुसले. सहा महिन्यांपूर्वी त्या कधी जातात याचे दिवस मोजत होते मी. इथे लिहिलं नाही, पण मोजत होते.

घरी आले. मीठ जागेवर सापडलं. आता तीच जागा पाठ झाली आहे.

शनिवार, २१ मार्च

विनीच्या देखरेखीखाली पाचही बिया उंच कुंड्यांत. खिडकीत रांगेने. डब्याचं झाकण फेकवेना, फ्रीजवर चिकटवलंय. सियाच्या मैत्रिणीने विचारलं, हे काय लिहिलंय? सिया म्हणाली, ‘माझी आजी लिहिली आहे. इट्स अ लाँग स्टोरी.’

शुक्रवार, १० एप्रिल

काही नाही.

शुक्रवार, १७ एप्रिल

काही नाही. दोन कुंड्या उकरून बघितल्या. कुजल्या आहेत. आईंना सांगितलं नाही. मग रात्रभर स्वतःला कशाला छळत बसायचं म्हणून सांगितलं. ‘तीन आहेत ना अजून?’

शनिवार, २५ एप्रिल

उगवलं!!!

चौथी कुंडी! सकाळी चहा ठेवताना बघितलं. माती फुगलेली, आणि त्यातून लालसर, वाकलेला एक कोंब. मी किंचाळले. अपूर्व वरून धावत आला, त्याला वाटलं भाजलं. मग तोही किंचाळला! खरंच! इतका गप्प माणूस!

आईंना व्हिडिओ कॉल. सियाने टेप धरली. ‘आजी, दोन सेंटीमीटर आहे.’ — ‘नीट धर, टेप वाकडी आहे.’ — ‘ओके, एक पॉइंट आठ.’ — ‘आता बरोबर!’ मागे शेजारच्या बाईंना बोलावून दाखवत होत्या, हे बघा, माझ्या सुनेने लंडनला झाड उगवलं. आई, मिल्टन कीन्स! ‘तेच ते.’

दुपारी विनी आली. काठी टेकून कुंडीसमोर उभी राहिली. ‘हॅलो, यू,’ एवढंच म्हणाली, आणि नाक शिंकरलं. चहा झाला, करंजीची आठवण निघाली, हसलो. पण जाताना दारात थांबली. ‘आता हेही एकटं. शंभर वर्षं उभं राहील आणि फोल बिया टाकत राहील.’ मी म्हटलं, दुसरं आहे, तूच म्हणालीस. ‘आहे गं. पण मी एक्क्याऐंशीची आहे. मला बघायला मिळेल का?’

आईंना सांगितलं. आई फोनवर ठासून म्हणाल्या, ‘तिला म्हणावं, मी ऑक्टोबरात येते. आपण शोधू. तोवर जाऊ नकोस म्हणावं कुठे.’

शनिवार, २ मे

सहा सेंटीमीटर. उरलेल्या दोन कुंड्या अजून गप्प. मी रोज त्यांच्याशीही बोलते, उगाच रुसायला नको.

शनिवार, ९ मे

आज रानात विनीने नव्या लोकांना पानं शिकवली. ॲश आणि हिकरीत फसू नका — ॲशच्या एका देठावर नऊ, अकरा, तेरा पानं. हिकरीच्या देठावर पाच. मी गुपचूप लिहून घेतलं, कारण म्हाताऱ्या झाडाची पानं मी कधी नीट बघितलीच नव्हती, ती इतकी उंचावर होती. घरी येऊन इथे उतरवायला वही उघडली आणि वही भलत्याच ठिकाणी उघडली, सेलोटेपमुळे जाड झालेल्या पानावर.

२ ऑक्टोबर. माझंच अक्षर. ‘एका देठाला पाच पानं होती गं! एक देवाला, आपण चौघं. बरोब्बर पुरलं!’

विनीला गाडीत घातलं. मोठ्या रस्त्याच्या पलीकडे, अंडरपासच्या तोंडाशी — आम्ही रस्त्याशीच शोध थांबवला होता, पलीकडे कुणी बघितलंच नव्हतं. विनी म्हणाली, हा रस्ता झाला तेव्हा मी तिशीत होते, त्याआधी रान इथवर होतं.

आहे! टोकाच्या कळ्या नुकत्या उलगडल्या आहेत, देठावर देठ. मी एकेका देठाची पानं मोठ्याने मोजली. पाच. पाच. पाच. आईंच्या टेपने घेर घेतला, चौऱ्याण्णव सेंटीमीटर. विनीने काठी माझ्याकडे दिली, कोटाच्या खिशातून हातोडी काढली, बुंध्यावर ठोकली आणि कान लावला.

भरीव!